अँब्युलन्स वाजली की मनात जे येतं ते कुणाला सांगू?

सिस्टर, जय ख्रिस्त.

श्रीरामपूरजवळच्या एका गावातून लिहितेय. ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन चार वर्षं झाली, आठवड्याला तीन वेळा. किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या यादीत नाव आहे, तेही जवळपास तेवढंच जुनं. माझा ब्लड ग्रुप ए, ह्यांचा बी, म्हणून डॉक्टर म्हणाले तुमची किडनी चालणार नाही. खरं सांगते, ते ऐकून मला हायसं वाटलं होतं आणि त्याची लाज अजून जात नाही. दीर आधी हो म्हणाले होते, टेस्टपर्यंत गेले, मग जाऊबाईंनी नको म्हटलं. तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नाहीत.

ओपीडीला जायचं म्हणजे पहाटे तीनला निघायचं, अकरा-साडेअकराला नंबर, आणि आत चार मिनिटं. मागच्या नोव्हेंबरात रात्री दहाला फोन आला, लगेच या म्हणून. शेजाऱ्यांची गाडी घेऊन गेलो. तिथे बाकावर आमच्यासारखीच आणखी तीन कुटुंबं बसलेली. सकाळी सहाला सांगितलं, दुसऱ्यांना लागली, तुम्ही घरी जा. येताना शिरूरला ह्यांनी चहा घेतला, अर्धा कप, मोजून, आणि म्हणाले चल, कुणाचं तरी झालं ना. मला तर घोटभरही गेला नाही. त्या 'कुणाचं तरी'चा मला इतका राग आला होता.

चर्चच्या मंडळीत सगळे म्हणतात देवाची वेळ अजून आलेली नाही. सासूबाईंची हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेतही मेणबत्ती लावून झाली. मध्ये बाहेरचे एक प्रचारक आले होते, ते म्हणाले तुमचा विश्वास मशीनवर आहे तोवर देव काम करणार नाही. तेव्हापासून सासूबाईंचं चालू आहे, एक आठवडा डायलिसिस बंद करून बघू.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. रस्त्यावर अँब्युलन्स वाजली की माझ्या मनात पहिलं येतं, तरुण असेल का, बी ग्रुप असेल का. मग रात्री गुडघे टेकते तेव्हा मी नेमकं काय मागत असते? कुणाचं तरी मरणच ना? हे पाळकसाहेबांना कसं विचारू?

– यादीतली

*

अगं, जय ख्रिस्त.

तुझा खरा प्रश्न शेवटचा आहे हे कळलं मला, पण आधी सासूबाईंचं बघू. आम्हा नर्स लोकांची सवयच ती, ज्याच्या जिवाला धोका त्याला पहिलं घ्यायचं, बाकीच्यांनी कितीही आरडाओरडा करू दे.

एक आठवडा काय, एक वेळसुद्धा बंद करायचं नाही. माझी डायलिसिस वॉर्डात बावीस वर्षं गेली, त्यात सणाला नाहीतर लग्नाला म्हणून दोन वेळा चुकवलेले पेशंट मी स्ट्रेचरवरून आत घेतलेत, आणि सगळे परत बाहेर गेले नाहीत. पाणी छातीत साठतं ते तरी दिसतं, माणूस रात्री उठून बसतो, आडवं होता येत नाही, घरचे घाबरून घेऊन येतात. पोटॅशियम मात्र गुपचूप वाढतं आणि एकदम हृदय बंद पाडतं, तिथे कुणाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. सासूबाईंना हिशोब करून दाखव. आठवड्यात तास असतात 168, आपली किडनी ते सगळे तास काम करते आणि हे मशीन फक्त बारा तास. त्यातलेही चार काढून घेतले तर उरलं काय?

आणि त्या प्रचारकांना कुणीतरी सांगायला हवं होतं की भारतात किडनी बदलण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन झालं ते 1971 साली, आणि झालं कुठे तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. आपल्याच लोकांनी उभारलेल्या हॉस्पिटलात. मी स्वतः मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले, ते 1894 पासूनचं. तिथे सकाळी आधी भक्ती व्हायची आणि मग राउंड, आणि ह्या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण आहे असं आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही. सासूबाईंशी वाद मात्र घालू नकोस, मुलाला असं सुकताना बघून कुठलीही आई काहीही करून बघेल. त्यांना म्हण, आई, त्या चार तासांतच प्रार्थना करू, तुम्ही पण चला. एकदा सोबत ने. मशीन कसं चालतं, रक्त नळीतून कसं जातं येतं हे त्यांनी कधी बघितलंय का? बहुतेक नसेल. घरी बसून मशीन म्हणजे काहीतरी सैतानी वाटतं, जवळ बसून बघितलं की ते मिक्सरपेक्षा जास्त घाबरवत नाही.

आता अँब्युलन्स.

तुला वाटतंय हे फक्त तुझ्याच मनात येतं, म्हणून सांगते. यादीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात हे येतं. मला वॉर्डात कितीतरी बायकांनी कानाशी येऊन सांगितलंय, एकीने तर दिवाळीत फटाके वाजताना सांगितलं, सिस्टर ह्या दिवसांत ॲक्सिडेंट जास्त होतात ना, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. तू वाईट बाई नाहीस गं, चार वर्षं दमलेली बाई आहेस, आणि दमलेलं मन दरवाज्यावर काही वाजलं की आधी तिकडे पळतं.

पण तू प्रार्थनेचं विचारलंयस, तर भिंतीच्या पलीकडे काय असतं ते तुला सांगते. माझी नोकरी डायलिसिसची, पण माणसं कमी पडली की आयसीयूत पाठवायचे. अशाच एका रात्री एक पोरगा होता, एकोणीस-वीसचा, बाइकवरून पडलेला, डोक्याला मार. मेंदू संपलेला, छाती मात्र व्हेंटिलेटरवर वरखाली होतेय, हात गरम. आई शेजारी बसून सारखी म्हणत होती एसी कमी करा, त्याला थंडी वाजतेय. मेंदूमृत ठरवायचं म्हणजे आपल्याकडे कायदा आहे, 1994 चा, त्याप्रमाणे चार डॉक्टर लागतात, त्यात प्रत्यारोपणाच्या टीममधला एकही चालत नाही, आणि सगळ्या तपासण्या दोनदा करतात, मध्ये किमान सहा तास सोडून. ते सहा तास मी बघितलेत. तुम्ही बाकावर ताटकळत बसलात ना, तशीच ती बसलेली, फक्त तिला कशाची वाट बघायची तेच कळत नव्हतं. दुसरी टेस्ट झाल्यावर प्रत्यारोपणाचे को-ऑर्डिनेटर आणि मुलाचा मामा तिच्याशी बोलले. तिने एकच विचारलं, संध्याकाळपर्यंत बॉडी मिळेल ना, त्याच्या आजीला घरी अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि सही केली.

आता नीट बघ, कशानंतर काय झालं ते. पोरगा रस्त्यावर गेला, तो कुणाच्या प्रार्थनेने गेला नाही, हेल्मेट नव्हतं म्हणून गेला. मग डॉक्टरांनी दोनदा खात्री केली. मग आईने होकार दिला. त्यानंतर ते झेडटीसीसीला कळवलं गेलं, म्हणजे ते विभागीय समन्वय केंद्र, जिथल्या यादीत तुमचं नाव आहे, आणि तेव्हा कुठे ती यादी उघडली. तुमचा नंबर मरणाला जोडलेला नाहीच मुळी. मरण तर ह्या जिल्ह्यात रोज होतंय, त्याला तुझ्या प्रार्थनेची गरज नाही. तुमचा नंबर जोडलाय तो त्या होकाराला, आणि एखादी आई तेवढ्या दुःखात 'हो' म्हणो हे मागणं म्हणजे कुणाचं वाईट चिंतणं नव्हे. उलट सायरन वाजला की त्या गाडीतल्या माणसाच्या आईसाठी माग, आधी तो वाचू दे, आणि नसेलच वाचणार तर तिच्याजवळ कुणीतरी असू दे. मी तेच करत आले. ग्रुपचा विचार तरीही येईल, येऊ दे, तो काय एका रात्रीत जाणार नाही.

त्याच पहाटे खालच्या मजल्यावर आमच्याच एका पेशंटला फोन गेला. त्याची बायको कॉरिडॉरमध्ये गुडघ्यावर बसली, प्रभूने दिली, प्रभूने दिली. आणि खोटं कशाला बोलू, मला क्षणभर तिचा राग आला. प्रभूने दिली ते खरंच, पण दोन मजले वर एक बाई बसलीय तिनेही दिलीय ना. नाव एकमेकांना सांगत नाहीत, सांगायचं नसतंच, पण आभाराच्या प्रार्थनेत एक ओळ तिच्यासाठी हवी की नको?

आता ती 'देवाची वेळ'. हे वाक्य ऐकून तुझं डोकं फिरतं ना, माझंही फिरतं. जे म्हणतात ते प्रेमाने म्हणतात हे मान्य, काय बोलावं कळत नाही म्हणून म्हणतात. पण ही यादी इतकी लांब का आहे ते मला माहितीय आणि त्यात देवाचा काही संबंध नाही. आपल्या देशात मेंदूमृत माणसाचे अवयव दान होण्याचं प्रमाण दहा लाख लोकांमागे एकाच्याही खाली आहे. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर अशी चार केंद्रं आहेत, कायदा आहे, डॉक्टर आहेत, पण कुठे मेंदूमृत्यू जाहीरच करत नाहीत, कुठे घरच्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर घरचे म्हणतात, तो काय म्हणाला असता ते आम्हाला माहीत नाही. एवढं सगळं माणसांनी करायचं राहून गेलेलं, आणि पावती फाडतो ती देवाच्या नावाने.

म्हणून पाळकसाहेबांकडे तू जाच. प्रश्न मनातला तसाच्या तसा विचार, चांगले पाळक असतील तर ते ह्याहून अवघड ऐकून बसलेले असतात. आणि त्यांना म्हण, एका रविवारी ह्याच विषयावर बोला. मंडळीत किती जणांनी घरच्यांना सांगून ठेवलंय की माझं काही झालं तर माझे अवयव द्या? हात वर करायला सांगा. मला माहितीय मागच्या बाकावरून काय कुजबुज येईल, पुनरुत्थानाच्या दिवशी किडनीशिवाय कसं उठायचं. हसू नकोस, हे मला शिकलेल्या लोकांनी विचारलंय. जे समुद्रात बुडाले, जे आगीत गेले ते कसे उठणार? बायबलात पौलाने बियाण्याचं उदाहरण दिलंय की, पेरतो ते दाणे आणि उगवतं ते काहीतरी वेगळंच, तेवढं वाचून दाखवायचं. आणि आपण प्रोटेस्टंट असलो तरी हे सांगायला हरकत नाही, 2000 साली रोममध्ये प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांची परिषद भरली होती तिथे पोप जॉन पॉल दुसरे स्वतः गेले आणि अवयवदान ही खऱ्या प्रेमाची कृती आहे असं सांगून आले. सासूबाई मतमाउलीला जातात ना, त्यांना हे पटेल.

रागाचं विचारलं नाहीस पण पत्रभर तो आहेच, तर त्यावर थोडं. मला मार्कच्या पाचव्या अध्यायातला याईर फार जवळचा वाटतो. पोरगी मरायला टेकलीय, येशू त्याच्या घरी निघालाय, आणि वाटेत एक बाई मध्ये येते, बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी, सगळा पैसा डॉक्टरांवर घालवून बसलेली आणि बरी व्हायच्या ऐवजी बिघडलेली. (हे बिघडल्याचं मार्क लिहितो, लूक लिहीत नाही, लूक स्वतः वैद्य ना, आपल्या लोकांना सांभाळून घेतलं असेल.) येशू थांबतो. कोण शिवलं विचारतो, तिचं सगळं ऐकून घेतो, आणि तेवढ्यात घरून निरोप येतो, पोरगी गेली. त्या थांबण्यात याईराच्या मनात काय चाललं असेल? ती बाई बरी झाली म्हणून त्याला आनंद झाला असेल? मला नाही वाटत. बाकावरची दुसरी तीन कुटुंबं तुला जशी दिसली तशीच ती त्याला दिसली असणार. मार्कने त्याबद्दल एक शब्द लिहिला नाही, आणि येशूही त्याला रागावला नाही, फक्त भिऊ नको म्हणाला आणि चालत राहिला. आणि मार्था तर येशूच्या तोंडावर बोलली, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तिचा भाऊ आजारी असल्याचं कळूनही येशू आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला होता, तिने बोलू नये तर काय करावं! स्तोत्र 13 काढून बघ, पहिल्या दोन ओवींतच दावीद चार वेळा विचारतो, कुठवर, कुठवर. हे सगळं आपण चर्चमध्ये सुरात म्हणतो आणि तेच एखादी बाई साध्या मराठीत बोलली की तिचा विश्वास कमी. तू बोल. देवाशी भांडणारी माणसं देव सोडून जाणाऱ्यांतली नसतात हे मी वॉर्डात पाहिलंय.

आता जरा कान देऊन ऐक, कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठलेच. तू ए, ते बी, म्हणून जमत नाही, आणि विषय संपला? चार वर्षांत तुला कुणी 'स्वॅप' म्हणून काही सांगितलं की नाही? अगं कुठेतरी एक जोडपं तुमच्या बरोब्बर उलटं बसलेलं असतं, नवरा ए आणि बायको बी, नाहीतर आई बी आणि मुलगा ए, आणि त्यांनाही कुणीतरी सांगितलंय की तुमची चालणार नाही. तुझी किडनी त्यांच्या पेशंटला आणि त्यांची तुझ्या नवऱ्याला. हे कायद्यात बसतं, 2011 च्या दुरुस्तीनंतर अगदी स्पष्टपणे बसतं, दाता जवळचा नातेवाईक असला पाहिजे, समितीची परवानगी लागते, आणि ऑपरेशनं शक्यतो एकाच वेळी करतात म्हणजे मध्येच कुणी मागे फिरायला नको. ए आणि बी ही तर स्वॅपसाठी त्यातल्या त्यात बरी जोडी, ओ ग्रुपच्या पेशंटचं जास्त कठीण असतं. ग्रुप न जुळताही करतात म्हणा, रक्तातल्या अँटीबॉडी आधी कमी करून, पण त्यात खर्च वाढतो आणि इन्फेक्शनची भीतीही, ते सगळीकडे करतही नाहीत. पुढच्या वेळी गेलात की डॉक्टरांच्या चार मिनिटांत हे विचारत बसू नकोस. प्रत्यारोपणाच्या को-ऑर्डिनेटरला आदल्या दिवशी फोन कर आणि वेळ घे. त्यांचं कामच ते, आणि त्या खोलीबाहेर सहसा रांग नसते.

पण थांब. हे वाचून पोटात गोळा आला का? आला असेल तर तोही खरा आहे. ग्रुप जुळला नाही तेव्हा तुला हायसं वाटलं होतं, तो माणसाचा साधा जीव आहे, त्याला पाप म्हणू नकोस. घरात मूल असेल, दोघंही एकाच वेळी खाटेवर पडले तर बघणार कोण, सासूबाईंचं वय काय, हे सगळे प्रश्न मोठे आहेत. स्वॅप आहे म्हणजे तू दिलीच पाहिजेस असं नाही. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बहुतेक बायकाच असतात, आया, बायका, बहिणी, आणि त्यातल्या कितीजणींना खरंच कुणी विचारलेलं असतं देव जाणे. दात्याशी डॉक्टर एकटीला बसवून बोलतात. तिथे नको म्हणालीस तर चांगले डॉक्टर बाहेर येऊन घरच्यांना एवढंच सांगतात की तपासणीत बसत नाही. आणि द्यायची ठरलीच तर आधी तुझ्या सगळ्या तपासण्या होतात, साखर, बीपी, दोन्ही किडन्या, त्यात जराही शंका आली तर तेच नाही म्हणतात.

हे लिहिता लिहिता तुझी जाऊ आठवली मला. तुला जे हायसं वाटलं ना, तेच तिला हवं होतं. फरक एवढाच की तुला तुझ्या रक्तगटाने सोडवलं आणि तिला स्वतःच्या तोंडाने नाही म्हणावं लागलं, आणि मग दोन्ही घरांच्या शिव्या तिने एकटीने खाल्ल्या. दिरांची किडनी हे देणं नव्हतं, देणगी होती, आणि देणगी मागे घेतली म्हणून कुणाला चोर म्हणता येत नाही. मी असं म्हणत नाही की उद्या जाऊन गळ्यात पड. नाताळला करंज्यांचा डबा पाठव, बास. परत आला तर परत आला.

थोडं यादीचं. तुमचं नाव आहे म्हणजे ते ॲक्टिव्ह आहेच असं धरून चालू नकोस. मध्ये इन्फेक्शन झालं असेल, एखादी तपासणी जुनी झाली असेल, क्रॉसमॅचसाठीचा, म्हणजे दात्याशी रक्त जुळतं का ते बघायचा, रक्ताचा नमुना वेळेवर गेला नसेल तर नाव यादीत दिसतं पण फोन येत नाही, आणि असं झालेलं घरच्यांना महिनोन्महिने माहीतच नसतं. को-ऑर्डिनेटरला सरळ विचार, आम्ही आज ॲक्टिव्ह आहोत का, कुठली टेस्ट कधी संपतेय, हिपॅटायटिसची लस पूर्ण आहे का, हृदयाची इको कधीची. दात दाखवून आणा, किडलेल्या दातावरून ऐनवेळी अडलेलं पाहिलंय मी. दोन मोबाइल नंबर लिहून द्या, त्यातला एक अशा माणसाचा ज्याचा फोन रात्री सायलेंटवर नसतो. नोव्हेंबरात तुम्हाला बोलावलं ह्याचा अर्थ त्या दिवशी तरी तुम्ही यादीत वर होता, हे विसरू नकोस. एका दात्याच्या दोन किडन्या, बहुतेक वेळा एक तिथल्याच हॉस्पिटलच्या पेशंटला आणि दुसरी शहराच्या यादीत जाते, आणि क्रॉसमॅच कुणाची बिघडेल सांगता येत नाही म्हणून जास्तीची माणसं बोलावून ठेवतात. तुम्हाला उगीच हेलपाटा घातला असं वाटलं असेल, मलाही वाटलं असतं, आणि येण्याआधीच फोनवर कुणी हे नीट सांगायला हवं होतं, ते सांगत नाहीत ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. लेखी करा ती, को-ऑर्डिनेटरच्याच हातात द्या. डायलिसिसवर किती काळ काढला त्याचे गुण यादीत धरतात, म्हणजे ही चार वर्षं कुठेतरी मोजली जातायत.

आणि मंडळीला काम दे. प्रार्थना करतो म्हणणाऱ्यांना हो म्हण आणि पुढचं वाक्य तयार ठेव. पक्षघाताच्या माणसाला येशूकडे न्यायला चार जणांनी खाटेसकट उचललं आणि लोकांचं छप्पर फोडून खाली सोडलं, तिथे कुणी देवाची वेळ बघत बसलं नाही. तुलाही चार माणसं हवीत. रात्री फोन आला तर गाडी कोण काढणार ते आजच ठरलेलं असावं, शेजाऱ्यांच्या उपकारावर नको. घरात मूल असेल तर त्याला कोण बघणार तेही. महिन्यातून एक डायलिसिस तुझ्याऐवजी तरुण संघातलं एखादं पोरगं सोबत बसू दे, तसंही ते मोबाइलच बघणार आहे, तिथे बसून बघ म्हणावं, फक्त ह्यांच्या फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या, हातावर टेकू नको एवढं सांगून ठेव. आणि ओपीडीच्या दिवशी एखाद्या बाईने तुझ्या घरी येऊन संध्याकाळचा स्वयंपाक करून ठेवला तर तेवढ्यानेही फरक पडतो, विचारून बघ, बायकांना काम सांगितलेलं आवडतं, नुसतं काय हवं नको विचारायला लाजतात.

तुझ्या नवऱ्याचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये, कुणाचं तरी झालं ना. रात्रभर बाकावर बसून, अर्धा कप चहाचा हिशोब पाण्यात धरून, माणूस असं बोलतो. त्याला तू अँब्युलन्सचं सांगितलंयस का? नसशील. सांग. मला वाटतं त्याच्याही मनात येत असणार, आणि तोही तुझ्यापासून लपवत असणार.

आणि पुढच्या वेळी शिरूरला थांबलात की तू चहा घे. पूर्ण कप. पाण्याचं मोजमाप त्याला आहे, तुला नाही.

– सिस्टर